धुरा कुणाच्या मानेवर आहे ते बघा

आधी एक वही घ्या. शंभर पानी, रेघांची. मोबाईलमध्ये नोंदी करू नका; मोबाईल तीन वर्षांत बदलतो आणि आपल्याला हवी असलेली नोंद पाच वर्षांनी, कधी पंधरा वर्षांनी लागते. वहीचं डावं पान पुढाऱ्याच्या बोलण्यासाठी. तारीख, ठिकाण, आणि तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत. उजवं पान कोरं सोडा. पुढे काय घडलं ते घडल्यावर तिथे लिहायचं, त्याचीही तारीख घालून.

मी अशी वही 1989 पासून ठेवते. आता पाचवी चालू आहे. चौतीस वर्षं सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवलं, बहुतेक गोव्यातल्या डिचोली आणि सत्तरी तालुक्यांत. निवडणूक आली की आम्हा शिक्षकांना मतदान केंद्रावर ड्युटी लागायची. किती माणसांच्या डाव्या तर्जनीला शाई लावली त्याची गणती नाही. यंदा माझ्या दादाच्या नातीला मतदार ओळखपत्र मिळालं. ते दाखवायला आली आणि म्हणाली, "आजी, सगळे सारखेच असतात ना? मग बघायचं तरी काय?"

सगळे सारखे नसतात. काय बघायचं ते तिच्यासाठी आणि तिच्या वयाच्या मुलांसाठी लिहिते आहे.

निवडून येणारे पुष्कळ असतात, राज्य पुढे नेणारा एखादाच. त्या एखाद्याला मराठीत काय म्हणावं? 'मुत्सद्दी' म्हटलं की डावपेच डोळ्यांपुढे येतात, नाना फडणीस आठवतात. मला 'धुरंधर' हा शब्द जवळचा वाटतो. वर्तमानपत्रं तो हल्ली कुणालाही लावतात, पण त्याचा अर्थ साधा आहे: धुरा वाहणारा. जू मानेवर घेणारा. माझ्या बाबांकडे बैलजोडी होती. बाजारात बैल बघताना बाबा आधी त्याच्या मानेवर हात फिरवत. काम केलेल्या बैलाच्या मानेला घट्टा असतो, तिथले केस गेलेले असतात. शिंगं रंगवली आहेत की नाहीत, झूल कसली घातली आहे, इकडे ते बघतही नसत. पुढाऱ्याचीही मान तपासावी लागते. त्यानं घेतलेल्या निर्णयाचं ओझं त्याच्या स्वतःच्या मानेवर पडलं का, हाच माझा प्रश्न असतो. पुढचं सगळं त्या एका प्रश्नाचं उत्तर शोधण्याच्या रीती आहेत.

वहीत काय लिहायचं नाही

गणेश चवथीच्या आधी घरी सामानाची पिशवी येते. जूनमध्ये मुलांना वह्या मिळतात. लग्नाला आमदार येतो, मयताला तर नातेवाइकांच्याही आधी येतो. आमचे मतदारसंघ लहान, पंचवीस-तीस हजार मतदारांचे, त्यामुळे आमदाराला घराघरातली माणसं नावानं माहीत असतात. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही. माझ्या आईला रात्री दोन वाजता धाप लागली तेव्हा एका आमदारानं गाडी पाठवली होती, ते मी विसरलेले नाही. पण तो चांगला शेजारी ठरला. राज्यकर्ता म्हणून त्याची परीक्षा वेगळी घ्यायला हवी, आणि ती मी घेतली, तेव्हा त्याला कमी गुण मिळाले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

सरकारी नोकरीचंही तसंच. आमच्याकडे तिच्याइतकं मोठं चलन दुसरं नाही. पोराला नोकरी लावणारा त्या घराचा देव होतो. ती नोकरी त्यानं स्वतःच्या खिशातून दिलेली नसते. रांगेत पुढे उभ्या असलेल्या, गुणांनी वरचढ असलेल्या दुसऱ्या कुणाच्या तरी पोराची ती असते. म्हणून ही कामं डाव्या पानावरही घेऊ नका आणि उजव्याही.

हरल्यावर कसा वागतो

जिंकलेला पुढारी बघून काही कळत नाही. हरल्यावर बघा. मला हे नवव्या वर्षी बघायला मिळालं.

16 जानेवारी 1967. गोव्यात जनमत कौल झाला. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की संघप्रदेश, म्हणजे केंद्रशासित प्रदेश, म्हणून वेगळा ठेवायचा, एवढाच प्रश्न. विलीनीकरणाची निशाणी फूल, संघप्रदेशाची दोन पानं. आमचं घर फुलाचं. बाबा भाटकाराची जमीन कसणारे कूळ होते आणि कुळांचा विश्वास भाऊसाहेबांवर, म्हणजे गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्यावर होता. आम्ही मुलं काजूच्या झाडांखालून 'फूल, फूल' ओरडत पळायचो. वाड्याच्या पलीकडे भाटकाराच्या घरी दोन पानं होती.

निकाल आला. संघप्रदेशाच्या बाजूनं 1,72,191 मतं, विलीनीकरणाच्या बाजूनं 1,38,170. फरक 34,021. त्या रात्री बाबांनी बैलांना पेंढा घातला, हातपाय धुतले आणि न जेवता पडून राहिले. आईनं दोनदा ताट वाढलं, दोनदा झाकून ठेवलं. त्यांना इतकं गप्प मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

भाऊसाहेबांनी काय केलं ते नीट बघण्यासारखं आहे. कौल होण्याआधी विरोधकांची मागणी होती की सत्तेवर बसून कौल घेऊ नका, सरकारी यंत्रणा तुमच्या हाताखाली राहील. 1966 च्या डिसेंबरात त्यांनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि खुर्चीशिवाय प्रचाराला उतरले. ज्या प्रश्नावर त्यांचा पक्ष उभा होता तोच प्रश्न ते हरले. त्यांनी तो निकाल मानला. कौल पुन्हा घ्या, मोजणीत घोळ आहे, असली भाषा करून लोकांना रस्त्यावर उतरवणं त्यांना अवघड नव्हतं. माझे बाबा नक्की गेले असते, आणि त्यांच्यासारखे हजारो. तसं झालं असतं तर गोव्यातली गावं घराघरात दुभंगली असती. मार्चमध्ये निवडणूक झाली, तीस जागांपैकी सोळा त्यांच्या मगोला, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला मिळाल्या आणि भाऊसाहेब वेगळ्या राहिलेल्या गोव्याचा कारभार बघायला परत आले. आपल्याला नको असलेल्या घराची डागडुजी त्यांनी आपलंच घर समजून केली.

आता दुसरी बाजू. डॉ. जॅक सिक्वेरा हे युनायटेड गोवन्स पक्षाचे नेते. विधानसभेत बहुमत विलीनीकरणवाल्यांचं होतं. तिथेच हात वर करून निर्णय झाला असता तर गोवा तेव्हाच महाराष्ट्रात गेला असता. हा निर्णय आमदारांनी करायचा नाही, लोकांना थेट विचारा, हा आग्रह धरणाऱ्यांत डॉ. सिक्वेरा पुढे होते. कौल ते जिंकले. आणि दोन-अडीच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला बारा जागा मिळाल्या. जिंकलेला माणूस विरोधी बाकावर बसला आणि हरलेला मुख्यमंत्री झाला. दोघांनीही ते स्वीकारलं. मी वर्गात हे शिकवायची तेव्हा मुलं हमखास विचारायची, "बाई, मग खरं जिंकलं कोण?" मी त्यांना उत्तर द्यायची नाही, पुन्हा आकडे फळ्यावर लिहायची.

बाबांना तो कौल शेवटपर्यंत पटला नाही. मला पटतो. महाराष्ट्रात आपण एका टोकाचा एक जिल्हा झालो असतो, आणि 30 मे 1987 चा घटक राज्याचा दिवस उगवलाच नसता. मराठी माझी भाषा आहे, जन्मभर तीच शिकवली, आणि तरी माझं हे मत आहे. पण यातून मला मिळालेली कसोटी मताच्या पलीकडची आहे: तुमच्या पुढाऱ्याला वहीत घेताना, तो कधी हरला आणि दुसऱ्या दिवशी काय बोलला, ते आधी लिहा.

भाऊसाहेबांची पूजा करा असं मात्र मी सांगणार नाही. त्यांचा दरारा होता, एकहाती कारभार होता, 1970 मध्ये त्यांच्याच पक्षातले काही आमदार फुटले. 12 ऑगस्ट 1973 ला ते पदावर असतानाच गेले. गेल्यावर काय उरलं, हे बघणं महत्त्वाचं. गावोगाव काढलेल्या शाळा उरल्या. पाटी काढून टाकली तरी जे उभं राहतं ते त्यांचं काम. मी ज्या शाळेत शिकले ती तसलीच, मुळात एका देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळेत भरणारी. माझ्या आईला सही येत नव्हती. मला आली, आणि मग मी ती इतरांना शिकवली.

किंमत कोण सांगतो

फायदा सगळेच सांगतात. किंमत सांगतो का, आणि ज्याला ती भरायची आहे त्याच्या तोंडावर जाऊन सांगतो का, हे बघा.

यासाठी मे महिन्यात कुर्डीला जा. सांगे तालुक्यात साळावली धरणाच्या पाण्याखाली हे गाव वर्षातले बहुतेक महिने असतं. मेमध्ये पाणी उतरतं आणि गाव वर येतं. मी निवृत्त झाल्यावर गेले होते. भेगाळलेला चिखल, त्यावर चिऱ्यांची जोती, झाडांची काळी पडलेली खुंटं. एका जोत्यावर माझ्याहून मोठ्या वयाची एक बाई बसली होती. तिनं मला तिचं घर दाखवलं. "हंय चूल," म्हणाली, आणि जमिनीवर हात टेकवला. मग उठून चार पावलं चालली, "हंय न्हाणी." भिंत एकही नव्हती, पण ती दारातून आत-बाहेर करावं तशी वळून चालत होती. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर याच गावच्या. इथलं महादेवाचं जुनं कदंबकालीन देऊळ दगड दगड उतरवून दुसरीकडे उभं केलं. माणसांना असं दगड दगड उतरवता येत नाही. सुमारे तीन हजार माणसं इथून उठली.

हे गाव बुडणार, हे सांगायला भाऊसाहेब स्वतः कुर्डीला गेले होते. तुमचं गाव जाईल आणि त्यातून सगळ्या दक्षिण गोव्याला पाणी मिळेल, असं त्यांनी गावकऱ्यांना समोर उभं राहून सांगितलं. त्या बाईलाही ते आठवत होतं. ती रागानं बोलत नव्हती. आज मडगावात नळ सोडला की येणारं पाणी साळावलीचं असतं.

पण उजवं पानही वाचायला हवं. धरण पुरं होईपर्यंत भाऊसाहेब राहिले नाहीत. उठलेल्या लोकांना वाडें आणि वालकिणी इथे जमिनी मिळाल्या. ज्यांनी पाण्यासाठी गाव दिलं त्यांनाच नव्या जागी नळाच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षं थांबावं लागलं. शब्द देणारा एक, तो पाळायची पाळी दुसऱ्यांवर आली, आणि त्या दुसऱ्यांची मान मऊ निघाली. म्हणून वहीत मी एक जास्तीचा रकाना करते: आधीच्यानं दिलेला शब्द यानं पाळला का? पक्ष दुसरा असला तरी? स्वतःची कोनशिला बसवायला सगळे पुढे येतात. दुसऱ्याच्या कोनशिलेमागचं राहिलेलं काम पुरं करणारा माझ्या पाच वह्यांत मिळून तीनदाच सापडला.

आपल्या बाजूला थांबवतो का

हे थोडक्यात सांगते, कारण यात माझ्याही जुन्या जखमा आहेत. राजभाषेचं आंदोलन पेटलं तेव्हा मी मराठीच्या मोर्चात होते. माझी कोकणीवाली सहकारी शिक्षिका दुसऱ्या मोर्चात. एकाच स्टाफरूममध्ये बसून आम्ही महिनोन्महिने बोललो नाही. माणसं मेली त्या आंदोलनात. 4 फेब्रुवारी 1987 ला राजभाषा कायदा झाला: देवनागरी कोकणी ही राजभाषा, आणि सरकारी कामकाजासाठी मराठीच्या वापराची तरतूद. तेव्हा मला ती फसवणूक वाटली होती, तिलाही वाटली होती. रोमी लिपीवाल्यांच्या, म्हणजे रोमन लिपीत कोकणी लिहिणाऱ्यांच्या मनात तर अजून सल आहे आणि त्यांची बाजू मला आता कळते. तरीही त्या कायद्यानंतर आम्ही दोघी एका बाकावर डबा उघडायला लागलो.

दोन्ही बाजूंना तापवणारे पुढारी त्या काळात ढिगानं होते. 'आता पुरे, घरी चला' असं आपल्याच माणसांना सांगणारे मोजकेच. त्यांना त्यांच्याच लोकांनी फितूर म्हटलं. तुमच्या काळात भांडण दुसरं असेल. तुम्ही चिडलेले असताना तुम्हाला आवडेल तेच बोलणारा ओळखा, आणि त्याच सभेत न आवडणारं बोलणारा कुणी आहे का ते शोधा. त्याचं नाव डाव्या पानावर ठळक लिहा.

दोन-तृतीयांश

पक्षांतराबद्दल गोव्यातल्या मुलांना काय सांगायचं? 1990 ते 2000 या काळात आमच्याकडे इतक्या वेळा मुख्यमंत्र्यांचे शपथविधी झाले की सामान्य ज्ञानाच्या तासाला मी वर्तमानपत्र बघूनच वर्गात जायची.

गणित मात्र शिकवण्यासारखं आहे. पक्षांतरबंदी कायदा 1985 मध्ये आला. आधी एक-तृतीयांश आमदार फुटले तर ती 'फूट' म्हणून चालायची. 2003 मध्ये ती सवलत गेली. आता दोन-तृतीयांश आमदारांनी दुसऱ्या पक्षातल्या विलीनीकरणाला संमती दिली तर आमदारकी वाचू शकते. पंधराचे दोन-तृतीयांश दहा: 2019 च्या जुलैमध्ये काँग्रेसच्या पंधरांपैकी बरोबर दहा आमदार भाजपमध्ये गेले. अकराचे दोन-तृतीयांश सात पूर्णांक एक-तृतीयांश, म्हणजे आठ हवेत: 2022 च्या सप्टेंबरमध्ये अकरांपैकी बरोबर आठ गेले. त्याच वर्षी जानेवारीत त्या पक्षाच्या उमेदवारांनी पणजीच्या महालक्ष्मीसमोर, बांबोळीच्या खुरसापाशी (क्रुसापाशी) आणि बेतीच्या दर्ग्यात पक्ष न सोडण्याच्या शपथा घेतल्या होत्या. मी महालक्ष्मीला दरवर्षी ओटी भरते. त्या सप्टेंबरात गेले तेव्हा देवीपुढे उभं राहून मला लाज वाटली, आणि ती माझी नव्हती.

मत बदलणं हा गुन्हा नाही, हे समजून घ्या. माझं मत बदललं ते मी वर सांगितलंच. बघायचं एवढंच की बदललेल्या मताचा खर्च कुणी केला. आमदारकीचा राजीनामा देऊन, नव्या निशाणीवर पुन्हा तुमच्या दारी मत मागायला आला, तर त्यानं स्वतः खर्च केला. आकडा जुळेपर्यंत थांबून रातोरात गेला, तर खर्च तुमचा. 'मतदारसंघाच्या विकासासाठी' हे शब्द ऐकलेत की तारीख घाला आणि उजव्या पानावर जागा मोठी सोडा.

कुठे शोधायचं

विधानसभेचं कामकाज आता घरबसल्या थेट बघता येतं. अर्थसंकल्पी अधिवेशनातले दोन दिवस तरी बघा, भाषणं सोडून प्रश्नोत्तराचा तास बघा. तारांकित प्रश्नाचं तोंडी उत्तर मिळाल्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात, आणि माणसाचा अभ्यास तिथे दिसतो. लिहून दिलेला प्रश्न कुणीही वाचेल. मंत्र्याच्या उत्तरातली फट पकडून दुसरा, तिसरा प्रश्न करणारा निराळा. त्याचा प्रश्न कुणासाठी आहे तेही बघा. स्वतःच्या मतदारसंघातला रस्ता विचारणं हे त्याचं कामच आहे. पण म्हादई नदीचं पाणी, खाणी बंद पडल्यावर ट्रकवाल्यांचं काय झालं, ओस पडत चाललेल्या सरकारी शाळा, ज्यात त्याच्या मतदारसंघाला सरळ काही मिळत नाही, तिथे तो उभा राहतो का? तो सत्तेवर असतानाचे आणि विरोधात असतानाचे प्रश्न शेजारी शेजारी ठेवा. बाजू बदलल्यावर म्हादई आटली का, ते लगेच कळतं.

दुसरा कागद म्हणजे उमेदवारी अर्जासोबतचं प्रतिज्ञापत्र. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते असतं. सलग दोन-तीन निवडणुकांची काढा. लोक एकूण रक्कम बघून थांबतात. तुम्ही जमिनीचे सर्वे नंबर बघा. कुठल्या गावात, कधी घेतली, शेती की बिगरशेती. आणि मग त्याच भागाचा झोन, म्हणजे जमीन कशासाठी वापरायची तो विभाग, बदलला का, ते ताडून बघा. गोव्यात जमीन म्हणजे सगळं काही आहे. जमिनीचा वापर ठरवणारा, 2011 सालापर्यंतचा प्रादेशिक आराखडा लोकांनी उठाव केल्यावर 2007 मध्ये रद्द करावा लागला तो यामुळेच.

तिसरी जागा ग्रामसभा. ती रविवारी असते. पणजीतला मोठा नेता तुम्हाला जवळून दिसणार नाही, पण पंच, म्हणजे पंचायतीचा सदस्य, दिसतो, आणि राज्यकर्त्याचे गुण पंचातही असतात किंवा नसतात. मला आयुष्यात अगदी जवळून दिसलेला धुरंधर एक पंच होता. माझा विद्यार्थी.

आमचं शेत

1976 मध्ये शशिकलाताई काकोडकरांच्या सरकारनं कूळ कायद्यात दुरुस्ती केली. कसणाऱ्याची जमीन झाली. बाबा कूळ म्हणून नोंदलेले होते, तरी कचेरीतल्या सुनावण्यांत त्यांची बरीच वर्षं गेली. कधी साहेब रजेवर, कधी फाईल सापडत नाही. कोणती कचेरी ते सांगत नाही. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव लागलं त्या दिवशी बाबा तो कागद घेऊन शेतात गेले आणि बांधावर बसून राहिले.

बाबा गेले. दादाला गुडघ्यांमुळे शेती झेपेना. रस्ता रुंद झाला आणि आमचं शेत रस्त्याला लागलं. शेजारच्यांनी मातीचे ट्रक ओतून दुकानांचे गाळे काढले, त्यांचं भाडं सुरू झालं. दादा म्हणाला, आपणही बुजवू. 1991 च्या कायद्यानं कुळाला मिळालेली जमीन शेतीशिवाय वापरता येत नाही, हे मला माहीत होतं. तरी मी गप्प बसले, कारण पैशाची गरज होती आणि शेजाऱ्यांना कुणी अडवलं नव्हतं. आमच्यासारखी सात-आठ घरं होती. सगळ्यांनी मिळून ठरवलं की ग्रामसभेत ठराव आणायचा, रस्त्यालगतची शेतं बिगरशेती करावीत म्हणून.

तो पंच आमच्याच वाड्यावरचा. आमच्याच मतांवर निवडून आलेला. आम्हाला वाटलं ठराव तोच मांडेल. तो उठला आणि म्हणाला की या ठरावाला माझा विरोध आहे. पावसात वरच्या डोंगराचं पाणी या शेतांत उतरतं, थांबतं आणि मग व्हाळात जातं. शेतं बुजली तर ते खालच्या वाड्यातल्या घरांत शिरेल. खालचा वाडा त्याचा नव्हता, तिथं त्याला मतं नव्हती. लोक ओरडायला लागले. शेजाऱ्यांनी बुजवलं तेव्हा कुठे होतास, असं कुणीतरी विचारलं. तो म्हणाला, "तेव्हा गप्प बसलो, ती माझी चूक. आता तीच पुन्हा करणार नाही." मग माझ्याकडे वळला. "बाई, रागावू नका. ही जमीन तुमच्या बाबांना कसायला मिळाली. गाळे घालायला मिळालेली नाही."

मी रागावले. पंचावन्न वर्षांची बाई, भर सभेत, आपल्याच विद्यार्थ्यानं बाबांचं नाव घेतलं म्हणून. ठराव बारगळला. पुढच्या पंचायत निवडणुकीत तो पडला, एकवीस मतांनी. त्या एकवीसमध्ये आमच्या घरची चार होती. एक माझं.

त्याचं पान माझ्या चौथ्या वहीत आहे. डाव्या बाजूला त्याचं ते वाक्य, त्याच रात्री रागारागानं लिहिलेलं, अक्षर कागदातून उमटलेलं. उजवं पान सहा वर्षं कोरं होतं. मग एका जुलैत चार दिवस पाऊस थांबला नाही. आमच्या शेतात कमरेइतकं पाणी साठलं आणि खालच्या वाड्यातल्या कुणाच्याही घरात गेलं नाही. पाचव्या दिवशी मी ते लिहिलं आणि छत्री घेऊन त्याच्या घरी गेले. तो ओट्यावर जाळं विणत बसला होता. मी काय ते बोलले. त्यानं आत हाक मारून चहा ठेवायला सांगितला, आणि व्हाळाच्या तोंडाशी प्लास्टिक अडकतं ते काढायला माणसं हवीत, येत्या रविवारी याल का, असं विचारलं.

तो पुन्हा निवडणुकीला उभा राहिलेला नाही. मी दोनदा सांगून बघितलं. ते शेत आता एक स्वयंसहाय्य गट कसतो, भात आणि पावसाळ्यानंतरच्या वायंगणात मिरची घेतो, आणि दादाला त्यातला वाटा मिळतो. गाळ्यांच्या भाड्याएवढा तो नाही.

ग्रामसभेची नोटीस पंचायतीच्या फलकावर लागते. नातीला मी सांगितलं आहे, येत्या ग्रामसभेला माझ्याबरोबर चल, आणि येताना वही आण.